थंडीत लहान मुलांना टेकडीवर नेताना

महाराष्ट्राच्या पठारी भागात लहान मुलांना घेऊन उघड्यावर हिंडण्यासाठी वर्षातले सगळे महिने सारखे सोयीचे नसतात. पावसाळ्यात पायवाटा निसरड्या होतात आणि गवत मुलांच्या डोक्यावरून जाते. मार्च उजाडला की सकाळी नऊ वाजताच ऊन सोसेनासे होते. दिवाळी उरकल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचे तीन-साडेतीन महिने मात्र असे असतात, की जमीन कोरडी असते, आकाश निरभ्र असते आणि मूल तासभर चालले तरी घामाघूम होत नाही. नेमक्या याच काळात पुष्कळ घरांत ‘थंडी लागेल’ या काळजीपोटी मुलांना दाराआड ठेवले जाते आणि बालवाडीतल्या तक्त्यावर हिवाळ्याचे चित्र म्हणून बर्फाचा बाहुला रंगवून घेतला जातो. आपल्या हिवाळ्यात तो बाहुला नाही. पिवळे पडलेले गवत, दहिवराने भिजलेली कोळ्यांची जाळी, कुंपणावर शेपटी थरथरवणारा पाहुणा पक्षी आणि पाने झाडून लाल फुलांनी भरलेली काटेसावर आहे.

हा लेख तीन ते सात वर्षांच्या मुलांना पहिल्यांदाच असे बाहेर नेऊ पाहणाऱ्या आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे. पक्षी, झाडे, किडे यांची कोणतीही माहिती आधी असण्याची गरज नाही. उदाहरणे मुख्यतः पुणे आणि आसपासच्या भागातली आहेत. नाशिक, अहिल्यानगर, सातारा, सोलापूर किंवा मराठवाड्यातल्या वाचकांना ती थोड्या फरकाने तशीच लागू पडतील. कोकणात आणि मुंबईत थंडी सौम्य असते आणि तिथली झाडे-पाखरेही काहीशी निराळी असतात, तरी पद्धत तीच ठेवता येते.

जागा एकच ठरवावी

नवख्या पालकांची पहिली चूक बहुधा जागेच्या निवडीत होते. दर रविवारी नवे ठिकाण गाठण्याच्या हौसेपोटी निम्मा दिवस गाडीत जातो, मूल वैतागते आणि दोन-तीन आठवड्यांत सगळा बेत बारगळतो. त्याऐवजी घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावरची एकच जागा पक्की करावी आणि हंगामभर आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा तिथेच जावे. मोठ्या माणसाला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, पण लहान मुलाला ओळखीच्या जागेतच बदल कळतो. मागच्या वेळी हिरवे असलेले गवत आज पिवळे आहे, मोठ्या दगडाजवळचे जाळे नाहीसे झाले आहे, सावरीला कळ्या आल्या आहेत, हे सगळे त्याला तीच जागा पुन्हा पाहिल्यावरच दिसते. निसर्ग पाहणे याचा या वयातला अर्थ मुख्यतः एवढाच आहे.

पुण्यात अशा जागांची वाण नाही. शहरातली सर्वांत उंच असलेली वेताळ टेकडी, तळजाईची टेकडी, पर्वतीमागचा भाग, पाषाण तलावाचा काठ, येरवड्याजवळचा डॉ. सालीम अली यांच्या नावाने ओळखला जाणारा नदीकाठ, यांपैकी जे जवळ असेल ते निवडावे. गावाकडे राहणाऱ्यांना पाझर तलावाचा बांध, माळरान किंवा देवराई याहून चांगले काही शोधावे लागत नाही. टेकडी आणि पाणी यांत निवड करायची असेल, तर माझे मत पहिल्या हंगामासाठी टेकडीच्या बाजूने पडेल. पाण्याकाठी पालकाचे अर्धे लक्ष मुलाचा तोल सांभाळण्यात जाते. निवडलेल्या जागेवर आधी एकट्याने एक फेरी मारून पाहावी. सावली कुठे आहे, मोकाट कुत्री कुठे बसतात, कड्यावर किंवा झाडावर मधमाश्यांचे पोळे आहे का आणि मुलाला लघवीला नेण्याची सोय कुठे आहे, एवढे पाहून ठेवले की पुढचे बरेचसे त्रास टळतात.

वेळ आणि कपडे

डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पक्षिनिरीक्षक उजाडण्याच्या आधी घराबाहेर पडतात, पण त्यांचे अनुकरण लहान मुलांसोबत करू नये. निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात साचते, त्यामुळे पहाटे नदीकाठ टेकडीपेक्षा जास्त गार असतो. शहरात याच साचलेल्या हवेत वाहनांचा आणि पेटवलेल्या कचऱ्याचा धूरही अडकून राहतो. ऊन वर आले की ही हवा हलू लागते. म्हणून घरून साडेसात-आठच्या सुमारास निघावे, दहाच्या आत परतावे. दम्याचा किंवा वारंवार खोकल्याचा त्रास असलेल्या मुलांना आणखी उशिरा न्यावे किंवा दुपारी चारनंतरची वेळ धरावी.

पुण्यात या दिवसांत पहाटेचे तापमान बहुधा १० ते १३ अंशांच्या आसपास असते, कडाक्याच्या दिवसांत त्याहूनही खाली जाते, आणि दुपारी तेच २८-३० अंशांपर्यंत चढते. एवढा फरक एका जाड स्वेटरने सांभाळता येत नाही. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि वर पुढून उघडणारा पातळ स्वेटर अशी रचना ठेवली, की नऊ वाजता स्वेटर आणि कानटोपी काढून पिशवीत टाकता येते. पँट पायघोळ असावी, पायात मोजे आणि बंद बूट असावेत. कपडे जुने असावेत, हे वेगळे सांगायला नको. नव्या कपड्यांतल्या मुलाला आपण दर दोन मिनिटांनी ‘बसू नकोस, मळेल’ असे सांगत राहतो आणि त्याचे पाहणे तिथेच थांबते.

पिशवीत काय घ्यावे

पाणी, एखादा तिळाचा लाडू किंवा चिक्की, मोज्यांचा जादा जोड, काटा काढायचा चिमटा, चिकटपट्टीचे रीळ, एक भिंग आणि एक जुनी चादर. या यादीतली चादर सगळ्यांत उपयोगाची असते. ती बसायला लागते, झुडपाखाली पसरून फांदी हलवली तर तिच्यावर पडलेले किडे पाहता येतात आणि संकटात तिचा आणखी एक उपयोग होतो, तो पुढे सांगितला आहे. महागडी दुर्बीण घेऊ नये. पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही डोळे जुळवून दुर्बिणीतून पाहणे साधत नाही आणि ते चिडते. पुठ्ठ्याची पोकळ नळी डोळ्याला लावून दिली तर चित्र मोठे होत नसले, तरी आजूबाजूचे सगळे झाकले जाऊन नजर एका ठिकाणी टिकते, आणि या वयात नेमकी तीच मदत लागते.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी माथ्यावर पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवू नये. लहान मूल तासाभरात अर्धा किलोमीटर चालले तरी ते भरपूर झाले, कारण ते मध्ये बसते, दगड उचलते, मागे येते, पुन्हा बसते. पालकाने त्याच्या मागे राहावे आणि ते थांबेल तिथे थांबावे. माझ्या पुतणीला मी पहिल्यांदा टेकडीवर नेले तेव्हा मला तिला सुगरणीची रिकामी घरटी दाखवायची होती. तिने मात्र सगळा वेळ वाटेवरच्या मुंग्यांच्या रांगेपाशी काढला. मी तिला दोनदा ओढून पुढे नेले आणि दोन्ही वेळा ती रडली. तिसऱ्या वेळी मी बसलो आणि मग मलाही दिसले, की त्या मुंग्या गवताचे बी उचलून बिळात नेत होत्या आणि बिळाच्या तोंडाशी टरफलांचा छोटा ढीग साचला होता.

पालकाने फार बोलू नये. झाडाचे, पाखराचे नाव ठाऊक असेल तर एकदा सांगावे, पाठ करून घेऊ नये. ठाऊक नसेल तर मुलालाच नाव ठेवू द्यावे. ‘शेपटी हलव्या’ असे त्याने ठेवलेले नाव त्याच्या लक्षात राहते आणि खरे नाव कळल्यावर ते त्या जागी सहज बसते. एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घालून द्यावा आणि तो स्वतःही पाळावा. खाली पडलेले घ्यायचे, झाडावरचे तोडायचे नाही. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरुवात गवतावरच्या जाळ्यांपासून करावी. एरवी न दिसणारी ही जाळी सकाळी दहिवराच्या थेंबांमुळे पांढरी चमकतात. जमिनीलगतच्या आडव्या, चादरीसारख्या जाळ्याच्या एका टोकाला नरसाळ्यासारखे भोक असते आणि त्यात कोळी दबा धरून बसलेला असतो. जाळ्याच्या कडेला गवताच्या काडीने अगदी हलका स्पर्श केला, तर तो झटकन बाहेर येतो आणि फसवणूक लक्षात येताच परत आत पळतो. एका जाळ्याशी हा खेळ एकदाच करावा. ऊन चढले, दहिवर वाळले, की जाळी डोळ्यांसमोर असूनही दिसेनाशी होतात; ती कुठे गेली असतील, हा प्रश्न मुलाला विचारावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये.

गवत, कुसळ आणि आघाडा

थंडीतली टेकडी म्हणजे वाळलेले गवत, आणि त्यात पाहण्यासारखे काही नाही असे वाटत असेल तर ते खरे नाही. आपल्या टेकड्यांवर कुसळी गवत भरपूर असते. त्याचे बी टोकदार असते आणि त्याला लांब, पीळ असलेली काळसर शेपटी असते. हेच ते मोज्यांत घुसून टोचणारे कुसळ. घरी परतल्यावर मोज्यातून काढलेली चार-पाच कुसळे पांढऱ्या कागदावर ठेवावीत आणि त्यांच्यावर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. काही क्षणांतच शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि कुसळ जिवंत असल्यासारखे कागदावर गोल फिरते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. हवेतल्या ओलाव्याबरोबर होणाऱ्या या उलटसुलट फिरण्यामुळेच ते बी मातीत स्क्रूसारखे आत शिरते आणि पावसाळ्याची वाट पाहत तिथे टिकते. इतक्या स्वस्तात होणारा आणि मुलांना इतका हसवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. कुसळ डोळ्यांपासून आणि तोंडापासून दूर ठेवावे, एवढीच काळजी घ्यावी.

बिया चिकटण्याचा खेळ मुद्दामही करता येतो. वडिलांचा जुना लोकरी मोजा मुलाच्या बुटावरून चढवावा आणि वाटेच्या कडेच्या झुडपांतून त्याला दहा पावले चालवावे. मोज्याला जे चिकटेल त्यात आघाडा हमखास सापडतो. भाद्रपदात गणपतीच्या पत्रींमध्ये ज्याची हिरवी पाने असतात, त्याच आघाड्याच्या वाळलेल्या तुऱ्याला थंडीत उलट्या तोंडाची, टोकदार फळे धरलेली असतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर ही ओळख त्यांनीच करून द्यावी. तो मोजा तसाच मातीच्या कुंडीत आडवा पुरून पाणी घालत राहिले, तर काही बिया उगवून येतात.

झाडाच्या सालीवरचे राखाडी-हिरवट पापुद्रेही दाखवावेत. आपल्या गोड्या मसाल्यात पडते ते दगडफूल याच कुळातले असते. ते झाड नव्हे, तर बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार असतो. थंडीत ते कोरडे आणि निर्जीव दिसते. बाटलीतले थोडे पाणी त्याच्यावर शिंपडले, की पाहता पाहता त्याचा रंग हिरवा होतो. घरी आल्यावर मसाल्याच्या डब्यातले दगडफूल मुलाच्या हातात द्यावे आणि त्याचा वास घेऊ द्यावा.

देवळाच्या पडवीत किंवा कड्याच्या आडोशाला जिथे भुसभुशीत कोरडी माती असते, तिथे नाण्याएवढे उलट्या शंकूसारखे खड्डे दिसतात. तळाशी मातीत दडलेली अळी त्यात घसरून पडणाऱ्या मुंगीची वाट पाहत असते आणि मुंगी वर चढू लागली की तिच्यावर मातीचा मारा करते. मोठी होऊन या अळीचा चतुरासारखा दिसणारा, नाजूक पंखांचा किडा होतो. अळी काढून तळहातावर घेतली तर ती उलटी चालते; पाहून झाल्यावर तिला त्याच मातीत सोडावे.

पाहुणी पाखरे

थंडीत उत्तरेकडून आणि हिमालयापलीकडून येणाऱ्या शेकडो जातींची यादी घेऊन बसू नये. पहिल्या वर्षी तीन पक्षी पुरेसे आहेत, आणि तिघेही आपल्या हालचालींवरून ओळखता येतात, रंग पाहण्याचीही गरज पडत नाही.

पहिला थिरथिरा. चिमणीएवढा असतो, दगडावर, कुंपणावर किंवा घराच्या गच्चीच्या कठड्यावर येऊन बसतो आणि थंडी वाजल्यासारखी शेपटी सारखी थरथरवतो. नर वरून काळा आणि पोटाशी विटकरी असतो, मादी मातकट असते. तो ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि थंडीभर बहुधा एकाच आवारात राहतो, त्यामुळे मुलाला तो ‘आपला’ वाटू लागतो. दुसरा धोबी, ज्याला काही ठिकाणी परीट म्हणतात. पाण्याजवळ किंवा ओल्या हिरवळीवर हा धावत-धावत किडे टिपतो आणि लांब शेपटी वर-खाली आपटत राहतो; धोब्याच्या कपडे आपटण्याची आठवण करून देणारे हे नाव मुलांना आपोआप पटते. काही धोबी आपल्याकडे बारमाही असतात आणि काही थंडीपुरते येतात, पण हा भेद पुढच्या वर्षी शिकता येईल. तिसऱ्या भोरड्या, म्हणजे पळसमैना. अंग गुलाबी, डोके आणि पंख काळे. एकटीदुकटी पाहण्यापेक्षा संध्याकाळी साडेपाचच्या पुढे त्यांचे थवे पाहावेत. हजारोंचा थवा एकदम वळतो तेव्हा आकाशात धुराचा लोट हलल्यासारखा दिसतो. शाळूच्या शेतांवर त्या उतरतात म्हणून शेतकऱ्याचा त्यांच्यावर राग असतो, आणि गोफण घेऊन माळ्यावर उभ्या राहणाऱ्या राखणदाराची गोष्ट मुलांना इथे सांगता येते.

जानेवारीच्या मध्यापासून काटेसावरीकडे लक्ष ठेवावे. निष्पर्ण झाडावर मोठी लाल फुले उमलतात आणि सकाळी त्यांच्यातला मध प्यायला मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर, भोरड्या आणि खारी यांची झुंबड उडते. झाडापासून थोड्या अंतरावर चादर अंथरून पंधरा मिनिटे बसले, तर एरवी चालत फिरून दिसणार नाहीत एवढे पक्षी बसल्या जागी दिसतात. जाड पाकळ्यांचे फूल धपकन खाली पडते. असे ताजे फूल उचलून मुलाने ते उघडावे, आतल्या तंतूंचे जुडगे मोजावे, मध बोटाला लागतो का पाहावे.

शिवारात अर्धा दिवस

आपल्याकडे थंडीतला निसर्ग शेताला वगळून दाखवता येत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडे, त्याची परवानगी घेऊन, जानेवारीतली एक सकाळ तरी घालवावी. हरभऱ्याच्या कोवळ्या पानांवर बारीक केस असतात आणि त्यांतून आंबट द्रव पाझरतो, ज्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. पूर्वी शेतकरी रात्री पिकावर धुतलेले पातळ कापड पसरून ठेवत आणि सकाळी दहिवरासकट ते पिळून ‘आंब’ गोळा करत; पोटदुखीवरचा तो घरगुती उपाय होता. मुलाने सकाळी पानांवरून बोटे फिरवून चाटली की चेहरा वाकडा होतो आणि पुन्हा एकदा चाटायची मागणी येते. मात्र औषध फवारलेल्या रानात हे अजिबात करू देऊ नये. शेतकऱ्याला आधी विचारावे आणि त्याने ‘फवारणी झाली आहे’ म्हटले, तर केवळ हाताला चिकटपणा जाणवू देऊन हात धुवावेत.

हुरड्याचा हंगाम डिसेंबरच्या अखेरीपासून सुरू होतो. शहरालगत हुरडा पार्टीच्या नावाखाली पाळणे, उंटावरची फेरी आणि मोठ्या आवाजातली गाणी मिळतात. त्यात मौज आहे, पण निसर्ग फारसा नाही. शेतातल्या हुरड्यात मुलाला कणसातले दाणे दुधाळ असताना कसे असतात हे दाबून पाहता येते, गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजताना पाहता येते आणि तळहातावर चोळून कोंडा फुंकता येतो. आगटीभोवती मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात असले पाहिजे, कारण राखेखालचा विस्तव दिसत नाही. लातूर, धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला घरेच्या घरे शेतात जाऊन जेवतात. ज्यांचे गाव तिकडे आहे त्यांना वेगळी सहल आखण्याची गरजच नाही. तसेच संक्रांतीच्या सुमारास घरात बोरन्हाण असेल, तर आदल्या आठवड्यात मुलाला बोराटीच्या झुडपापाशी न्यावे. डोक्यावरून ओतली जाणारी बोरे काट्यांत पिकतात, आणि दहांतल्या एखाद्या बोरात अळी राहते, हे त्याने स्वतः बोर फोडून पाहावे.

जपायच्या गोष्टी

खाजकुइलीच्या सोनेरी, लोकरीसारख्या शेंगा थंडीत झुडपांवर लोंबतात आणि मुलांना त्या मांजराच्या पिल्लासारख्या वाटतात. त्यांची लव अंगाला लागली तर भयंकर खाज सुटते. ही वेल आधी स्वतः ओळखायला शिकावी आणि मुलाला लांबून दाखवावी. लव लागलीच तर चोळू नये. चिकटपट्टी लावून अलगद उचलावी, मग ती जागा धुवावी आणि कपडे बदलावेत.

आग्या मोहोळ हा खरा धोका आहे. कडे, उंच झाडे, जुन्या वास्तू आणि किल्ल्यांच्या भिंती यांवर ही मोठी पोळी असतात. तिथून लांबच्या वाटेने जावे, अत्तर लावून जाऊ नये, जवळपास काही पेटवू नये आणि दगड मारण्याचा खेळ मुलांना खेळू देऊ नये. माश्या उठल्या तर मुलाला त्या जुन्या चादरीत डोक्यापासून गुंडाळून उचलावे आणि बंद गाडीकडे किंवा खोलीकडे धाव घ्यावी. हात झाडत एका जागी उभे राहू नये.

थंडीत साप दिवसा उन्हाला येऊन पडतात, विशेषतः वाळलेला पाला आणि दगडांचे ढीग यांच्या कडेला. म्हणून दगड उलटण्याचे काम मोठ्यानेच करावे, तेही काठीने आणि दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे दगड आडोसा होतो. पाल्याच्या ढिगात हात घालू देऊ नये. साप चावलाच तर जखम कापू नये, दोरी आवळू नये, मुलाला चालवू नये. तो अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जे वाहन मिळेल त्याने सापाच्या विषावरचे औषध असलेले रुग्णालय गाठावे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असतो आणि ऊसतोडीच्या काळात ते जागा बदलतात. तिथे सूर्यास्तानंतर किंवा उजाडण्याआधी मुलांना उसाच्या कडेने नेऊ नये, आणि दिवसाही मूल मागे रेंगाळू देऊ नये.

मोठी सहल

चार-पाच फेऱ्या झाल्या, मूल शांत बसून पाहू लागले, मगच दूरच्या पाणथळ जागेचा विचार करावा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर भिगवणजवळ भीमा नदीवरच्या उजनी धरणाचे पाणी पसरलेले आहे. कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार होडीतून पक्षी दाखवतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हे तिथले मुख्य आकर्षण. पाण्यातल्या शैवालातून आणि बारीक जिवांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांमुळे त्यांना गुलाबी रंग येतो आणि त्यांची पिल्ले मात्र करडी असतात. तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी डोक्याचे राजहंस आणि नारिंगी रंगाचे चक्रवाकही तिथे दिसतात. होडीत मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मिळेल याची खात्री निघण्याआधी फोनवरच करावी, नसेल तर काठावरूनच पाहावे. थव्याच्या अगदी जवळ होडी नेऊन पक्षी उडवण्याचा आग्रह नावाड्याला धरू नये.

नाशिककरांना निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर जवळचे आहे. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा. निफाड हा राज्यातल्या सर्वांत थंड नोंदींसाठी दरवर्षी बातमीत येणारा तालुका आहे, त्यामुळे तिथे हातमोजेही घ्यावेत. मुंबई-ठाण्याच्या पालकांनी ठाणे खाडीचे रोहित ऐरोलीहून पाहावेत. तिथे पहाट-संध्याकाळ यापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे असते, कारण हे पक्षी ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात.

अंधार लवकर पडतो, त्याचा उपयोग

उन्हाळ्यात तारे दिसेपर्यंत मुले झोपेला आलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र साडेसात-आठ वाजता गच्चीवर गेले तरी पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेले असते. चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरणाचे पाय आणि मधले एका ओळीतले तीन तारे हा त्याच्या पोटात घुसलेला बाण. त्या ओळीच्या रोखाने खाली आले की अतिशय तेजस्वी व्याध दिसतो, ज्याने तो बाण मारला. चार पायांपैकी काक्षी तांबूस आहे आणि समोरचा राजन्य निळसर पांढरा. ताऱ्यांनाही रंग असतात हे मुलांना इथे नुसत्या डोळ्यांनी कळते. बाणाच्या ओळीने उलट दिशेला वर गेले तर तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका लागतो. कृत्तिका किती दिसतात हे प्रत्येकाने मोजावे. बहुतेकांना सहा दिसतात. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने उल्का पडतात, तेव्हा ती रात्र अंथरुणासकट गच्चीवर काढण्यासारखी असते.

बाहेर पडणे जमले नाही त्या रविवारी गच्चीवर दुपारी साडेबाराला मुलाला उभे करून त्याची सावली खडूने आखावी. २२ डिसेंबरच्या आसपास पुण्यात एक मीटर उंचीच्या मुलाची त्या वेळची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते. दर पंधरवड्याला हे केले की ती आखूड होत जाते, आणि मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की त्याच वेळी सावली पायाखालीच राहते.

नोंद

वही करू नये. ती दोन पानांनंतर हरवते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या-त्या तारखेच्या चौकोनात मुलाने एक चित्र काढावे, ओबडधोबड चालेल, आणि खाली पालकाने एक शब्द लिहावा. पहिले दहिवर, पहिला थिरथिरा, सावरीची पहिली कळी, हुरडा, सर्वांत मोठी सावली. फेब्रुवारीत निघण्याची वेळ सातच्या सुमारास आणावी, कारण नऊचे ऊन लागू लागते. याच सुमारास पळस फुलायला लागतो आणि पाहुणी पाखरे परतीच्या तयारीला लागतात. ज्या सकाळी कुंपणावर थिरथिरा दिसत नाही, त्या तारखेला प्रश्नचिन्ह काढावे. आठवडाभर वाट पाहूनही तो आला नाही, तर ते पुसून तिथे फुली मारावी आणि ते पान फाडून जपून ठेवावे, म्हणजे दसऱ्यानंतर तो परत आला की दोन्ही तारखांमधले महिने मुलाला बोटांवर मोजता येतील.